आत्मक्षती, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील

प्राण देण्याचा हेतू नसताना व्यक्तीने स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून आणि समाजमान्य नसलेल्या रीतीने केलेली इजा म्हणजे आत्मक्षती. या व्याख्येतील तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. अपघाताने झालेली इजा आत्मक्षती ठरत नाही. ज्या कृतीमागे मरण्याचा हेतू असतो, तिची गणना आत्महत्येच्या प्रयत्नात होते. पोतराजाने अंगावर ओढलेला आसूड, नवस फेडण्यासाठी सोसलेले देहकष्ट, गोंदण किंवा कान-नाक टोचणे यांतही शरीराला इजा होते. परंतु या कृतींना समाजाने अर्थ दिलेला असतो आणि त्या उघडपणे, पुष्कळदा सर्वांच्या साक्षीने होतात. आत्मक्षती मात्र बहुधा एकांतात होते व लपविली जाते. व्यसन, उपासमार, बेफाम वाहन चालविणे इ. वर्तनांनीही देहाची हानी होते. पण तेथे इजा हा कृतीचा प्रत्यक्ष उद्देश नसल्यामुळे त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

आत्मक्षती हा स्वतः एक रोग नसून ते मानसिक क्लेशाचे लक्षण व त्या क्लेशाला तोंड देण्याचा एक घातक मार्ग आहे. पौगंडावस्था व प्रथम तारुण्य या काळात, म्हणजे कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षणाच्या वयात, ती विशेषत्वाने आढळते. अमरावती व अकोला ही वऱ्हाडातील उच्च शिक्षणाची प्रमुख केंद्रे असल्यामुळे त्या भागाच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे.

संकल्पनेचा विकास : अमेरिकन मनोविकृतिवैज्ञानिक कार्ल मेनिंजर (१८९३–१९९०) यांनी *मॅन अगेन्स्ट हिमसेल्फ* (१९३८) या ग्रंथात आत्मक्षतीचा सविस्तर ऊहापोह केला. स्वतःला केलेली मर्यादित इजा ही संपूर्ण विनाश टाळण्यासाठी मनाने केलेली एक प्रकारची तडजोड होय, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यानंतर दीर्घकाळ आत्मक्षतीकडे आत्महत्येचाच सौम्य प्रकार म्हणून पाहिले गेले. आर्मांडो फाव्हाझा यांनी *बॉडीज अंडर सीज* (१९८७) या ग्रंथात संस्कृतीने मान्य केलेली देहपीडा व विकृतिजन्य आत्मक्षती यांतील भेद स्पष्ट केला. ब्रिटिश परंपरेत हेतूचा निर्णय न करता स्वतःला केलेल्या सर्व इजांचा एकत्र विचार करण्याचा प्रघात आहे. अमेरिकन परंपरेत मरण्याचा हेतू असलेली व नसलेली इजा वेगळी मानतात. अमेरिकन मनोविकृती संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) आत्महत्येच्या हेतूविना केलेल्या आत्मक्षतीचा समावेश अधिक अभ्यासाची गरज असलेल्या अवस्थांत करण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही (अंमल २०२२ पासून) तिची स्वतंत्र लक्षण म्हणून नोंद आहे.

प्रमाण : निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आयुष्यात एकदा तरी आत्मक्षती केल्याचे पौगंडावस्थेतील सु. १७ टक्के, तरुणांपैकी सु. १३ टक्के व प्रौढांपैकी सु. ५ टक्के व्यक्तींनी सांगितले. प्रश्न विचारण्याची पद्धत व इजेची व्याख्या यांनुसार आकडे पुष्कळ बदलतात. यादीत सौम्य कृती धरल्यास प्रमाण वाढते. तथापि ही अवस्था क्वचित आढळणारी नाही, एवढे सर्वच अभ्यासांतून निष्पन्न होते. प्रारंभ बहुधा बारा ते चौदा या वयात होतो. दुसरा प्रारंभकाळ विसाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे घर सोडून महाविद्यालयात गेल्यानंतरच्या वर्षांत, दिसून येतो. उपचारांसाठी येणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अधिक असते. परंतु सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत हे अंतर कमी होते. मुलांनी स्वतःला केलेली इजा रागाच्या भरात झालेली किंवा खेळताना झालेली समजली जाते आणि त्यामुळे दृष्टीआड राहते.

भारतात या प्रश्नाची गणना अपुरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते व ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. या अहवालात मृत्यूंची नोंद होते. आत्मक्षती करून जिवंत राहिलेल्या व कोणाकडेच न गेलेल्या विद्यार्थ्याची नोंद त्यात होत नाही. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्या सर्वेक्षणातून उपचारांच्या अभावाची व्याप्ती मात्र स्पष्ट झाली : बहुतेक मानसिक विकारांच्या बाबतीत दहांपैकी सात किंवा त्याहून अधिक रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले.

कारणमीमांसा : आत्मक्षतीचे एकच एक कारण सांगता येत नाही. ती करणाऱ्याच्या दृष्टीने तिचे कार्य कोणते, या प्रश्नातून तिचे स्वरूप अधिक उलगडते. मॅथ्यू नॉक व मिचेल प्रिन्स्टाइन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार ही कार्ये चार प्रकारची असतात : (१) असह्य भावनेपासून तात्पुरती सुटका मिळविणे, (२) मन बधिर झाले असता काहीतरी जाणवावे यासाठी किंवा स्वतःला शिक्षा करण्यासाठी इजा करणे, (३) नकोशा प्रसंगातून वा अपेक्षांतून बाहेर पडणे आणि (४) शब्दांत सांगता न आलेला क्लेश इतरांपर्यंत पोहोचविणे. यांपैकी पहिले कार्य सर्वाधिक आढळते. चौथे त्या मानाने कमी आढळते. तरीही ‘लक्ष वेधण्यासाठी केलेले नाटक’ हाच समज समाजात सर्वाधिक रूढ आहे.

सुटका कशी मिळते, याचे स्पष्टीकरण अंशतः शरीरक्रियेत आहे. वेदना सुरू झाली की अवधान तिच्याकडे वळते आणि ती थांबताना येणाऱ्या हायशा अवस्थेबरोबर मनाचा ताणही क्षणभर ओसरतो. शरीरात निर्माण होणाऱ्या अफूसदृश वेदनाशामक द्रव्यांचाही यात वाटा असावा, असे मानतात. हा आराम अल्पकाळ टिकतो. मागाहून लाज व अपराधभावना येते, ताण पुन्हा वाढतो व त्याच उपायाची ओढ लागते. ताण, इजा, आराम व लाज यांचे असे चक्र जमले म्हणजे केवळ ‘पुन्हा करू नको’ असे बजावून ते तुटत नाही.

खिन्नता, चिंताविकृती, बालपणातील छळ किंवा उपेक्षा, कौटुंबिक कलह, टवाळी व रॅगिंग, आपल्या भावना ओळखून त्यांना शब्द देण्याची असमर्थता आणि स्वतःविषयीची कठोर टीकावृत्ती ही पूर्वकारणे म्हणून सांगितली जातात. निकटच्या मित्रमंडळात कोणी आत्मक्षती करीत असल्यास अनुकरणाचा धोका वाढतो. त्यामुळे वृत्तपत्रांत वा व्याख्यानांत इजेच्या पद्धतींचे वर्णन करणे टाळावे, असा संकेत आहे.

वऱ्हाडातील परिस्थिती : अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय (पुढे विदर्भ महाविद्यालय) १९२३ मध्ये सुरू झाले. डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून शेतकरी व बहुजन समाजातील मुलांना शिक्षणाची दारे उघडली. अकोल्यास कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये व अमरावतीस विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. नंतर या विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. ज्यांच्या आईवडिलांनी महाविद्यालय पाहिलेले नाही, अशी मुले या परंपरेमुळे मोठ्या संख्येने पदवीपर्यंत पोहोचली. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर किंवा मेळघाटातील धारणी येथून आलेला विद्यार्थी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतो, नाही तर एस.टी.ने रोज ये-जा करतो.

या संक्रमणात ताणाची कारणे अनेक आहेत. शाळेपर्यंत मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्याला विज्ञान, अभियांत्रिकी वा वैद्यक हे विषय एकाएकी इंग्रजीत शिकावे लागतात. गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा येथे मागे पडतो. फी व खोलीचे भाडे यांचा मेळ कापूस, सोयाबीन व तूर यांच्या पिकावर आणि भावावर अवलंबून असतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षा यांसाठी घातलेली वर्षे वाया गेली, तर ती सर्व घराची हानी मानली जाते. मुलींच्या बाबतीत शिक्षण थांबवून लग्न लावून देण्याची टांगती तलवार असते. अंगावरील व्रण किंवा मानसोपचाराची गोष्ट कळल्यास स्थळे येणार नाहीत, या भीतीने घरचे लोकही प्रकरण झाकून ठेवतात.

याखेरीज एक गोष्ट या प्रदेशाची विशेष म्हणावी लागेल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे गेली दोन दशके व अधिक काळ वऱ्हाडातील दुःखाची चर्चा मुख्यतः मृत्यूच्या आकड्यांतून झाली आहे. या चर्चेची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु तिच्या छायेत, जे दुःख मरणापर्यंत गेलेले नाही ते दुःखच नव्हे, अशी समजूत दृढ होण्याचा संभव असतो. बाप कर्जात असताना आपण परीक्षेच्या किंवा एकटेपणाच्या दुःखाने खचावे, याचीच विद्यार्थ्याला लाज वाटते. ‘घरची परिस्थिती’ हे शब्द त्याच्या तोंडी स्वतःच्या वेदनेविरुद्धचा युक्तिवाद म्हणून येतात. अशा मनात अपराधभावना व आत्मशिक्षा यांना जागा सहज मिळते. बोलीभाषेतही मनाची व्यथा प्रायः शरीराच्या किंवा दिनचर्येच्या तक्रारींतून व्यक्त होते. डोके जड होणे, झोप न लागणे, जीव घाबरणे किंवा ‘मले कशातच मन लागत नाही’ असे सांगणे, यांकडे शिक्षकाने व डॉक्टरने केवळ अशक्तपणा म्हणून पाहू नये.

आत्महत्येशी संबंध : आत्मक्षती व आत्महत्येचा प्रयत्न यांत हेतू, प्राणघातकता व वारंवारता या तीन बाबतींत फरक असतो. आत्मक्षती करणाऱ्या बहुसंख्य व्यक्ती ती मरण्यासाठी नव्हे, तर तो क्षण निभावून नेण्यासाठी करतात. तथापि हा भेद निश्चिंततेचे कारण नव्हे. दीर्घकाळ व वारंवार आत्मक्षती करणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा प्रयत्न होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. वेदनेची भीती सवयीने कमी होत जाते, हे त्याचे एक कारण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये सांगितले. एकाच व्यक्तीत दोन्ही हेतू निरनिराळ्या वेळी असू शकतात. म्हणून प्रत्येक प्रसंगी मरणाच्या विचारांविषयी स्पष्टपणे विचारणे आवश्यक असते. असे विचारल्याने तो विचार मनात नव्याने भरविला जातो, ही भीती निराधार असल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. उलट विचारल्यामुळे पुष्कळांना बोलण्यास वाट मिळते.

ओळख व प्रथम प्रतिसाद : वारंवार होणाऱ्या व नीट स्पष्टीकरण न मिळणाऱ्या जखमा, ऐन उन्हाळ्यातही अंग पूर्ण झाकणारे कपडे, खेळ वा पोहणे टाळणे, दीर्घकाळ एकटे राहणे, एकाएकी वर्गातील उपस्थिती घटणे ही काही सूचक लक्षणे होत. यांपैकी कोणतेही एक लक्षण पुरेसा पुरावा नसते. ही गोष्ट प्रथम खोलीतील सोबत्याच्या, मैत्रिणीच्या किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाच्या लक्षात येते. तज्ञापर्यंत ती नंतर जाते. त्यामुळे पुढील मार्ग बऱ्याच अंशी या पहिल्या माणसाच्या वागण्यावर ठरतो. संताप, उपदेश, रडारड, शपथ घालणे, वर्गासमोर जाब विचारणे किंवा व्रण पाहण्याचा आग्रह यांमुळे विद्यार्थी अधिक लपवू लागतो. जखमेची साधी व शांत शुश्रूषा करणे, ‘का केलेस’ यापेक्षा ‘काय होत होते’ असे विचारणे, ऐकताना निवाडा न देणे व तज्ञाकडे सोबत जाण्याची तयारी दाखविणे हे उपयुक्त ठरते. सर्व काही गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. जीविताला धोका दिसल्यास जबाबदार व्यक्तीला कळवावे लागेल, हे आधीच प्रांजळपणे सांगावे. असा धोका असताना विद्यार्थ्याला एकटे न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी बहुधा अठरा वर्षांखालील असल्यामुळे त्यांच्या बाबतीत पालकांना विश्वासात घेणे आवश्यक असते. मात्र घरातच छळ होत असल्यास प्रथम मुलाच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागतो.

उपचार : उपचारांचा प्रारंभ इजा ताबडतोब बंद करण्याच्या अटीने होत नाही, ती कोणते कार्य करते हे समजून घेऊन त्या जागी दुसरा, निरुपद्रवी मार्ग उभा करण्याने होतो. केवळ आत्मक्षतीवर गुणकारी असे औषध नाही. सोबत खिन्नता किंवा चिंताविकृती असल्यास तिच्यावरील औषधांचा उपयोग होतो. मुख्य भर मानसचिकित्सेवर असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहॅन यांनी विकसित केलेला द्वंद्वात्मक वर्तनोपचार या संदर्भात सर्वाधिक अभ्यासलेला आहे. त्याची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःचा आहे तसा स्वीकार आणि बदलासाठी प्रयत्न या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टींची सांगड घालणे हे त्याचे सूत्र होय. भावनेला नाव देणे, तिचा वेग ओसरेपर्यंत थांबणे, क्लेश सहन करणे व नाती सांभाळणे ही कौशल्ये त्यात सरावाने शिकविली जातात. आपण स्वतः तरुणपणी आत्मक्षतीमुळे रुग्णालयात होतो, असे लिनेहॅन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. बोधनिक वर्तनोपचार व कुटुंबासह केलेले समुपदेशन यांचाही उपयोग होतो. बहुसंख्य तरुणांत वय वाढते तशी आत्मक्षती थांबते. मात्र तिच्या मुळाशी असलेला क्लेश तसाच राहिल्यास तो खिन्नतेच्या वा व्यसनाच्या रूपाने पुढे चालू राहू शकतो.

कायदा व सेवा : पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार गुन्हा होता. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने जखमा लपविल्या जात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखी सर्वसाधारण तरतूद राहिली नाही. उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्कही २०१७ च्या अधिनियमाने दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशव्यापी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असणे आणि सर्व कर्मचाऱ्यांना या विषयाचे नियमित प्रशिक्षण देणे आवश्यक आहे.

विदर्भात मानसिक आजारांवरील सार्वजनिक उपचारांचे सर्वांत जुने केंद्र म्हणजे नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय (१८६४) होय. परंतु त्याच्या नावाभोवतीच्या कलंकामुळे विद्यार्थी तेथे जाण्यास धजत नाहीत. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन), तेथीलच डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) व अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) व सर्वोपचार रुग्णालय ही जवळची केंद्रे होत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र समुपदेशन मिळते. तेथे मराठीतून बोलता येते.

तज्ञांची संख्या अपुरी असताना प्रशिक्षित स्थानिक व्यक्ती किती उपयोगी पडतात, याचे एक उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. तेथील तीस गावांत ‘विश्राम’ या नावाने राबविलेल्या उपक्रमात गावातीलच कार्यकर्त्यांना खिन्नता ओळखण्याचे व प्राथमिक आधार देण्याचे शिक्षण देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार खिन्नतेने ग्रस्त व्यक्तींपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सु. ४ टक्क्यांवरून सु. २७ टक्क्यांपर्यंत गेले. हा उपक्रम विद्यार्थ्यांसाठी नव्हता. परंतु त्यातील तत्त्व महाविद्यालयांनाही लागू पडते. प्राध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रमाधिकारी व निवडक विद्यार्थी यांना असे शिक्षण मिळाल्यास क्लेश व्रणांपर्यंत किंवा त्याही पलीकडे जाण्यापूर्वी शब्दांत व्यक्त होऊ शकतो. मृत्यूची नोंद होण्यापूर्वीच्या दुःखाची दखल घेणे, हाच आत्मक्षतीसंबंधीच्या प्रतिबंधक कार्याचा गाभा आहे.